गालिचा उलटा करून बघा

नव्या फ्लॅटचं इंटिरियर करायला दिलं की एक कोटेशन हातात पडतं. बेळगावात टिळकवाडी असो की हनुमाननगर, त्यात हल्ली एक ओळ हमखास असते: ‘लिव्हिंग रूम एरिया रग, ८ बाय १० फूट, हँड-टफ्टेड, बांबू सिल्क, डिझायनर कलेक्शन.’ पुढं आकडा. घरातली थोरली माणसं तो आकडा दोनदा वाचतात आणि म्हणतात, ‘एवढ्या पैशात अख्ख्या मांडवाला पुरतील इतक्या सतरंज्या येतील की ओ!’ त्यांचं काही चुकत नाही. त्याच मापाचा गालिचा ऑनलाइन पाच हजारांत मिळतो, शोरूममध्ये पन्नास हजारांत मिळतो आणि नावाजलेल्या डिझायनरचा असेल तर काही लाखांत जातो. तिन्हींचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर आपल्यातल्या बहुतेकांना फरक ओळखता येणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा उत्तर प्रदेशातले भदोही-मिर्झापूरचे गालिचेवाले एकदम बातम्यांत आले, कारण भारतात हातानं तयार होणाऱ्या गालिच्यांपैकी निम्म्याहून जास्त माल एकट्या अमेरिकेला जातो. परदेशातलं गिऱ्हाईक अडलं की विक्रेता देशातलं गिऱ्हाईक शोधतो. म्हणजे ही कोटेशनमधली भाषा आता आपल्या दारात येतच राहणार. ती काय सांगते, काय लपवते आणि त्यात ‘डिझायनर’ नावाचा माणूस नेमकं कशाचे पैसे घेतो, ते बघू.

आधी वीण, नक्षी नंतर

वडगाव-खासबागेत मागाच्या खटखटाटात वाढलेल्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. मागावर ताणून बांधलेले उभे धागे म्हणजे ताणा. त्यांच्या वरून-खालून जाणारा आडवा धागा म्हणजे बाणा. जमिनीवर अंथरायची कुठलीही वस्तू घ्या, तिच्या किमतीचा पहिला प्रश्न एवढाच असतो: या ताण्या-बाण्यात काय घातलंय आणि ते कशानं धरून ठेवलंय?

सगळ्यात साधी ती सपाट वीण. सतरंजी, दरी, जमखाना, किलीम हे सगळे याच घरातले. बाणा लोखंडी पंजानं इतका घट्ट ठोकतात की ताणा दिसेनासा होतो. नक्षी सगळी बाण्याच्या रंगांची. लव, म्हणजे वर उभी राहणारी धाग्यांची टोकं, नसते, त्यामुळं चांगल्या दरीच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

दुसरा गाठीचा गालिचा, म्हणजे ‘हँड-नॉटेड’. यात ताण्याच्या धाग्यांच्या प्रत्येक जोडीला लोकरीची एकेक गाठ बांधतात आणि टोक कापतात. एक ओळ पुरी झाली की बाणा घालून ठोकायचा आणि पुढची ओळ धरायची. कापलेली टोकं वर येतात तीच लव.

तिसरा आपल्या कोटेशनमधला, ‘हँड-टफ्टेड’. चौकटीवर कापड ताणतात, त्यावर नक्षी काढतात आणि बंदुकीसारख्या यंत्रानं मागच्या बाजूनं धागे ठोसतात. हल्ली पुण्या-बंगळूरला तरुण पोरं हौसेनं कार्यशाळेत जाऊन करतात ते हेच. धागे नुसते ठोसलेले असल्यामुळं ओढले तर निघून येतात. म्हणून पाठीमागं रबराचा चीक, म्हणजे लॅटेक्स फासतात आणि तो झाकायला वर दुसरं कापड चिकटवतात.

गाठीचा आणि टफ्टेड यांतला फरक खानापूरकडच्या माणसाला भाताच्या लावणीवरून चटकन कळेल. एका शेतात प्रत्येक रोप चिखलात हातानं रोवलंय आणि मुळं धरलीत. दुसऱ्या शेतात नुसत्या काड्या टोचून खालून डिंक ओतलाय. लांबून दोन्ही शेतं सारखीच हिरवी. डिंक सुकून भुगा व्हायला लागला की फरक कळतो. टफ्टेड गालिच्याचं लॅटेक्स काही वर्षांनी खरोखरच असं कोरडं पडतं आणि झटकला की खालून पांढरी पूड पडते.

चौथा यंत्रावरचा. दुकानात ‘टर्किश कार्पेट’ म्हणून जे मिळतात त्यातले बहुतेक याच जातीचे, धागा प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा. तुर्कस्तानातलं गाझिआंतेप शहर यासाठी प्रसिद्ध आहे. यात फसवणूक काही नाही. स्वस्त असतात, पाणी पीत नाहीत, भाड्याच्या घरात उत्तम. फक्त ‘इराणी नक्षी आहे, म्हणजे इराणी गालिचाच म्हणायचा’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

आता शोरूममधली सगळ्यात उपयोगी कृती. गालिच्याचा कोपरा धरून तो उलटा करा. पाठीवर तीच नक्षी, तशीच स्वच्छ, बारीक गाठींच्या ओळींनी उठलेली दिसली तर गाठीचा. नखानं गाठी मोजता येतात, आणि दोन ओळी अगदी एकसारख्या नसतात. पाठीवर खादीसारखं कोरं कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड. मग कडेच्या दशा बघा. गाठीच्या गालिच्याच्या दशा म्हणजे ताण्याचीच उरलेली टोकं, ती गालिच्याच्या पोटातून बाहेर आलेली असतात. टफ्टेडला आणि यंत्राच्या गालिच्याला दशा वरून शिवून लावतात, शिवण बोटाला लागते. वास घ्यायलाही लाजू नका. नव्या टफ्टेडला टायरच्या दुकानासारखा वास येतो.

गाठींचा हिशोब

गाठीच्या गालिच्याचा दर्जा एका चौरस इंचात किती गाठी यावर सांगतात. हा आकडा नुसता ऐकून काही बोध होत नाही, म्हणून एक खरं उदाहरण घेऊ. दिल्लीतल्या नव्या संसद भवनात, २०२३ मध्ये, लोकसभेत मोराच्या आणि राज्यसभेत कमळाच्या कल्पनेवरचे गालिचे अंथरले गेले. ते मिर्झापूरच्या ओबीटी कंपनीनं विणून घेतले. ही कंपनी १९२० ची, ओकले, बोडेन आणि टेलर या तीन इंग्रजांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली. कंपनीनं तेव्हा सांगितलेले आकडे असे: ३५,००० चौरस फूट, चौरस इंचाला १२० गाठी, ६० कोटींहून जास्त गाठी, ९०० कारागीर, १० लाख तास.

भागाकार करा. तासाला साधारण ६०० गाठी पडतात. आता आपला ८ बाय १० चा गालिचा घ्या. ८० चौरस फूट, म्हणजे ११,५२० चौरस इंच. चौरस इंचाला १०० गाठी धरल्या तर ११ लाख ५२ हजार गाठी. तासाला ६०० च्या हिशोबानं १,९२० तास, म्हणजे आठ तासांचे २४० दिवस. तिघीजणी एका मागावर शेजारी बसल्या तरी ८० दिवस. रोज नुसते पाचशे रुपये मजुरी धरली तरी एक लाख वीस हजार फक्त हातांचे झाले. अजून लोकर, रंग, धुलाई, कातरणी, भाडं, दलाली काहीच आलं नाही.

म्हणून ‘हँड-नॉटेड, ८ बाय १०, फक्त पंधरा हजार’ अशी जाहिरात दिसली की समजायचं, यातलं काहीतरी खोटं आहे. एकतर तो हँड-नॉटेड नाही, किंवा गाठी फारच विरळ आहेत, नाहीतर विणणाऱ्याच्या पोटाला चिमटा बसलाय. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. या धंद्यात पूर्वी लहान मुलांना मागावर बसवत. त्याविरुद्ध कैलाश सत्यार्थी यांनी १९९४ मध्ये ‘रगमार्क’ हे लेबल सुरू केलं, तेच आज ‘गुडवीव्ह’ नावानं चालतं. त्या लेबलवर प्रत्येक गालिच्याचा वेगळा क्रमांक असतो. विचारून बघा. लेबल नाही म्हणून विक्रेता चोर ठरत नाही, पण प्रश्नाला तो कसं उत्तर देतो ते ऐकण्यासारखं असतं.

बांबू सिल्क म्हणजे रेशीम?

नाही. बांबूचा लगदा रसायनात विरघळवून त्याचा पुन्हा धागा काढतात. त्याला व्हिस्कोस म्हणतात. ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ ही त्याचीच बाजारातली नावं. चमक रेशमासारखी येते, हात फिरवला की मऊ लागतं, आणि शोरूमच्या दिव्याखाली तर ते भलतंच देखणं दिसतं. पण ओलं झालं की व्हिस्कोसची ताकद बरीच कमी होते. चहा सांडला, तुम्ही घाईनं पुसायला घेतलं, की लव विस्कटते आणि वाळल्यावर पिवळा डाग राहतो. बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसात, दारातून ओले पाय आत येणाऱ्या घरात, ही वस्तू मी तरी घेणार नाही. ज्याचा हॉल पाहुण्यांनाच उघडतो त्यांनी खुशाल घ्यावी.

लोकर महाग, पण झीज सोसते. तिला निसर्गतःच थोडा तेलकटपणा असतो, त्यामुळं सांडलेलं पाणी लगेच आत शिरत नाही. सुती धागा धुता येतो. शंका आली तर कडेचा एखादा सुटा तंतू घरी नेऊन पेटवा. लोकर आणि खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. व्हिस्कोस आणि सूत कागदासारखं जळतं. प्लास्टिकचा धागा वितळून त्याची कडक गोळी होते.

मग डिझायनर करतो काय?

आपल्याकडं समज असा की डिझायनर म्हणजे फुलं-पानं काढणारा. नक्षी हा त्याच्या कामातला लहान भाग झाला. मोठा भाग निर्णयांचा. लोकर कुठली, सूत किती पीळ दिलेलं, गाठ किती दाट, लव कुठं उंच ठेवायची आणि कुठं कातरून खाली न्यायची, कुठला भाग रेशमाचा म्हणजे उजेड तिथंच पडेल, आणि हे सगळं कुठल्या गावातल्या कुठल्या मागावर होऊ शकेल. कागदावर गोल गरगरीत काढणं सोपं. सपाट विणीत गोल रेषा पायऱ्या-पायऱ्यांनीच जाते. ज्या डिझायनरला हे माहीत नसतं त्याची रेघ विणकराला मनातल्या मनात दुरुस्त करावी लागते, आणि नाव मात्र डिझायनरचं लागतं.

चित्र ठरलं की त्याचा ‘नकाशा’ तयार होतो. आलेख कागदावर एक चौकोन म्हणजे एक गाठ. आता हे संगणकावर होतं. रंग ठरवायला ‘पोम’ची पेटी असते, हजाराहून जास्त रंगांचे लोकरीचे छोटे गोंडे. रंग पडद्यावर बघून चालत नाही, लोकर हातात धरून खिडकीशी न्यावी लागते. मग फूट-दीड फुटाचा नमुना विणून घेतात. त्यात चूक सापडली तर निभावतं. ऐंशी दिवस विणून झाल्यावर सापडली तर गेलं सगळं.

आजचे काही डिझायनर बघितले की हे स्पष्ट होतं. जर्मनीतल्या बोखुम शहरातला यान काट नेपाळमध्ये गालिचे विणून घेतो. त्याच्या एका मालिकेत जुनी इराणी नक्षी जागोजागी झिजून पुसली गेल्यासारखी दिसते. ती झीज खोटी आहे, गाठ-गाठ आखून आणलेली. बार्सिलोनाच्या नानी मार्किना यांनी भारतातल्या जुन्या सायकलींच्या ट्यूबा कापून त्यांचा गालिचा केला. नक्षी शून्य, विचार सगळा मालाचा. अझरबैजानचा फैग अहमद तर गालिचाच वितळून जमिनीवर ओघळतोय असा विणून घेतो. पण तो चित्रकारीच्या प्रांतातला माणूस, त्याची वस्तू सोफ्याखाली घालायची नसते.

मला या सगळ्यांपेक्षा जयपूरचं एक उदाहरण महत्त्वाचं वाटतं. नंदकिशोर चौधरी यांनी १९७८ मध्ये दोन मागांवर सुरू केलेल्या जयपूर रग्जनं ‘मनचाहा’ नावाचा उपक्रम काढला. खेड्यातल्या विणकरांना उरलेली लोकर द्यायची, नकाशा द्यायचा नाही. मनाला येईल ते विणा. त्यातून आलेल्या गालिच्यांना परदेशात डिझाइनचे पुरस्कार मिळाले. म्हणजे निर्णय घेणारं डोकं मागावर बसलेलंच होतं. त्याला तोवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. अर्थात कोणता गालिचा निवडायचा, कुठं मांडायचा, काय भावानं विकायचा, हे निर्णय कंपनीच्याच हातात राहिले, हेही लक्षात ठेवावं.

आपल्या पट्ट्यात काय आहे?

पुष्कळ आहे, आणि विखुरलेलं आहे. हुबळीहून विजयपूरला जाताना नवलगुंद लागतं. तिथला जमखाना भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. आदिलशाहीच्या काळात विजापुराहून आलेल्या विणकरांची ही कला, असं सांगतात. विणतात ते मुसलमान घरांतल्या बायका, घरातच, उभ्या मागावर. माग भिंतीला लागून उभा असतो, बाई त्याच्यासमोर बसते, रंगीत सुताच्या लहान-लहान लडी ताण्यावर लोंबत असतात, आणि प्रत्येक रंग आपापल्या जागेपर्यंत नेऊन परत फिरवला की वरून पंजा आपटतो. समोर नकाशा नसतो. चौसरीचा पट, मोर, चौकड्या, सगळं डोक्यात. हे कसब सुनांना द्यायचं, लेकींना नाही, कारण लेक दुसऱ्या गावी जाते, अशीही रीत सांगतात. आता विणणारी घरं मोजकीच उरलीत. पंजाचं काम खांद्याला आणि मनगटाला सोसत नाही, आणि तेवढे कष्ट घेऊन हातात काय पडतं, हा प्रश्न तिथल्या मुलींनी विचारला तर त्यांना दोष देता येत नाही.

दुसरी घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर काळी, आखूड, राठ. धनगर-कुरुबांनी कातरायची, बायकांनी सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्ड्याच्या मागावर विणायचं. बेळगाव-बागलकोट पट्ट्यात हे अजून तग धरून आहे. पण मेंढी आता मटणासाठी पाळतात आणि लोकर कातरायचा खर्चही निघत नाही म्हणून ती रानातच टाकून देतात. ‘घोंगडी टोचते’ ही तक्रार अंगावर घ्यायच्या वस्तूबद्दल खरी आहे. पायाखाली मात्र राठ लोकरच टिकते. न्यूझीलंडहून गालिच्यांसाठी येणारी लोकरही मेरिनो मेंढीच्या लोकरीसारखी तलम नसते. अडचण वेगळी आहे. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही आणि आखूड तंतू सुटतात. म्हणून काळा, करडा, तपकिरी एवढ्यावरच काम करायला तयार असलेला डिझायनर इथं हवा. असे प्रयोग देशात ठिकठिकाणी सुरू झालेत.

खण तर सगळ्यांच्या ओळखीचा. गुळेदगुड्डचा खण चोळीतून बाहेर पडून उशांचे अभ्रे, तोरणं, टेबलावरचे पट्टे यांवर आला. खऱ्या खणाचा पन्हा अरुंद असतो. मोठ्या पडद्यात कुठंही जोड दिसत नसेल तर तो यंत्रमागाचा. खानापूरच्या पलीकडं हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची गोधडी, कवंदी, कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेनं आत येत शिवली जाते, आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. या गोधड्या आता परदेशी संग्रहालयांत टांगल्या जातात. आपल्या आज्यांच्या वाकळा मात्र माळ्यावर.

राहिले वडगाव-शहापूरचे यंत्रमाग. ‘साडीला भाव नाही, तर गालिचे विणा’ असा सल्ला देणारे अधूनमधून भेटतात. तो माग साडीच्या धाग्यासाठी बांधलेला आहे. गालिच्याच्या जाड बाण्याचा ताण आणि ठोका त्याला पेलणार नाही. पडदे, अभ्रे, टेबलाची वस्त्रं होतील. पण त्यासाठी नवा नमुना करून देणारा आणि तो घेईन म्हणून शब्द देणारा, असे दोघंही लागतात. साडीत शब्द देणारा निदान व्यापारी तरी असतो.

‘नक्षी आमची, नाव त्यांचं’

हा आक्षेप रास्त आहे, आणि २०२५ मध्ये तो घराघरात पोचला. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि नाव मात्र घेतलं नाही. ओरड झाल्यावर प्रेरणा कुठली ते कबूल केलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं मानांकन दोन राज्यांचं मिळून आहे: पलीकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि अलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. सीमावादाच्या बातम्या वाचून दमलेल्या माणसाला ही यादी वाचून जरा बरं वाटेल.

पण मानांकन काय राखतं? नाव. नवलगुंदबाहेर विणलेल्या दरीला ‘नवलगुंद’ म्हणून विकता येत नाही. तीच चौकडी कुणी दुसऱ्या नावानं विणली तर मानांकन तिथं पुरं पडत नाही. नक्षी राखायला २००० चा डिझाइन कायदा आहे. त्यात दहा वर्षं आणि पुढं पाच वर्षं हक्क मिळतो, पण फक्त नव्या डिझाइनला. पिढ्यान्‌पिढ्यांची नक्षी नवी नसते, म्हणून तिची नोंद होत नाही. गंमत अशी की जुन्या नक्षीत खरोखरचा बदल करणारा डिझायनर आपल्या आवृत्तीची नोंद करू शकतो, आणि जिनं ती नक्षी जिवंत ठेवली तिच्या हातात काही राहत नाही.

तिसरा कायदा १९८५ चा, काही माल हातमागासाठी राखून ठेवणारा. सुरुवातीला बावीस प्रकार होते, आता अकरा उरलेत. त्यात जमखाना-दरी आणि कांबळी दोन्ही आहेत, म्हणजे कायद्याच्या व्याख्येत बसणारा माल यंत्रमागावर विणायचा नाही. धागा बदलला, वीण थोडी बदलली की माल व्याख्येतून निसटतो.

त्यामुळं कायद्यापेक्षा करार कामाला येतो. विणकराचं नाव लेबलवर आहे का, नमुन्याचे पैसे वेगळे दिले का, दुसऱ्यांदा तोच नमुना काढला तर तिला काही मिळतं का. हे प्रश्न डिझायनरला विचारायचे असतात, आणि गिऱ्हाइकानंच विचारायचे असतात.

‘सगळं खरं, पण आपल्या घरात चालेल का?’

आपण जमिनीवर बसणारी माणसं. पंगत, भजन, पाहुणे, पोरांचा अभ्यास, सगळं खाली. युरोपातला गालिचा फर्निचरखाली कायमचा पडून राहण्यासाठी केलेला असतो. आपली सतरंजी सकाळी घडी होते आणि संध्याकाळी उलगडते. दाट लवेच्या गालिच्यावर पंगत बसवून बघा, एका आमटीच्या वाटीत निकाल लागतो. म्हणून जिथं बसणं-उठणं जास्त तिथं सपाट विणीची सुती दरी, आणि शोभेलाच हवा असेल तर लवेचा, तोही पाय कमी पडतात त्या खोलीत.

पावसाळ्याचं म्हणाल तर लोकरीला कसर लागते आणि टफ्टेडच्या पाठीत ओल अडकून कुबट वास येतो. जूनपूर्वी कडक ऊन दाखवायचं, गुंडाळताना आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा आणि गुंडाळी फरशीवर न ठेवता फळीवर ठेवायची. व्हॅक्यूम फिरवायचा तर लवेच्या दिशेनं, आणि दशांवरून मुळीच नाही. नव्या लोकरी गालिच्यातून सुरुवातीचे काही महिने तंतू निघतातच, तो दोष नव्हे.

नवलगुंदकडून किंवा घोंगडी विणणाऱ्याकडून थेट करून घ्यायचं असेल तर माप आधी मागाचं विचारा. हॉलचं माप तुमच्यापाशी असतं, पण माग जेवढा रुंद तेवढीच दरी, त्यापुढं जोड येणार. रंग दोन ओळी इकडंतिकडं होणार हे धरून चला. निम्मे पैसे आगाऊ द्या, कारण सूत विणणाऱ्याला रोखीनं आणावं लागतं. आणि घरी फरशी गुळगुळीत असेल तर दरीखाली रबरी जाळी नक्की घाला. दीड-दोनशे रुपयांची वस्तू आहे, पण कोटेशनमध्ये ती सहसा नसते.